शेवटची सोळा पानं

गंगावेशीत दस्तगीरचाचाचं वाचनालय होतं,
म्हणजे सायकलच्या दुकानामागची आठ बाय सहाची खोली,
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आणि चारशे कादंबऱ्या.
सामाजिक दहा पैसे, डिटेक्टिव्ह दहा पैसे,
खजिन्याच्या पंधरा.
आणि खजिन्याच्या प्रत्येक पुस्तकाची शेवटची सोळा पानं
चाचा उसवून गल्ल्याखालच्या खणात ठेवायचा.
ती पाहिजेत तर आणखी पाच पैसे.
"भुयारात शिरायला तिकीट, बाहेर यायला तिकीट,"
म्हणायचा, दाभण दातात धरून.

माझ्याकडं पंधराच असायचे.

म्हणून मी कितीतरी वर्षं भुयारांतच राहिलो.
नकाशा अर्धा. शिलालेखातली एक ओळ मुद्दाम चुकीची.
डाव्या नंदीचा उजवा डोळा दाबला
की भिंत सरकते, सरकते
आणि पान एकशे शहात्तर संपतं.
म्हाताऱ्या प्राध्यापकाची भाची
दोरीच्या शिडीवर सातव्या पायरीला
अजून लटकत असेल, एक पाय हवेत,
कंदिलातलं तेल संपत आलेलं.

एका मे महिन्यात मी आणि तान्या कुंभार
खुरपं, घमेलं घेऊन ब्रह्मपुरीवर गेलो.
बाई म्हणाल्या होत्या, तिथं शिकलेल्या लोकांनी
पूर्वी खणलंय. टाऊन हॉलात काचेमागं
वीतभर ब्राँझचा परदेशी दर्यादेव उभा आहे,
हात उगारलेला, हातातलं हरवलेलं.
दर्या कुठं, पंचगंगा कुठं!
घाट चढून तो कसा आला, कुणी आणला,
कशाच्या बदल्यात,
त्याची शेवटची सोळा पानं कुणाच्या खणात आहेत?

गुडघाभर खणलं. तान्याला खापर लागलं,
त्यानं थुंकी लावून पुसलं, टिचकी मारली,
"भट्टी नीट लागली नाही बघ,"
म्हणाला आणि नदीकडं भिरकावलं.
खापरं त्याच्या घरी ढीगभर होती. त्याला हिरे पाहिजे होते.

आता मी महापालिकेत, पाणीपुरवठ्याला.
अठ्ठावीस वर्षं हे गाव उकरतोय.
खड्डा पुरुषभर खाली गेला की माणसं थांबतात.
वकील, दूधवाला, क्लासला निघालेल्या पोरी,
ज्यांना कधीच उशीर चालत नाही अशी माणसं
काठावर येऊन वाकतात. विचारत काहीच नाहीत.
पहार ठण्णकन वाजली
की एकदम गप्प, जशी आरतीआधीची गर्दी.
पाईप असतो. बहुतेकदा पाईपच असतो.
एकदा जात्याची तळी होती, एकदा कुठल्यातरी हौदाचा कठडा.
तरी लगेच कुणी हलत नाही.

गेल्या साली चाचा गेला.
त्याच्या पोरानं मला बोलावून अख्खा खण हातात दिला.
"अब्बा सांगून गेलेत, पाच पैसे कमी पडणारा पोरगा."

नुसते शेवट. एकालाही सुरुवात नाही.
एका रात्रीत सगळे वाचले.
प्रत्येकात छत कोसळतं. हिरे पाण्यात जातात,
दुष्ट माणूस एका मुकुटासाठी मागं वळतो,
आणि आपला माणूस धुळीनं माखून, हात हलवत
उन्हात येतो, भाचीला म्हणतो,
चला, चहा घेऊ.
शपथेवर सांगतो, एकातही
कुणी घरी काही आणत नाही.

हसलो. मग रागही आला,
एवढ्यासाठी पाच पैसे?
मग चूळ भरून ड्युटीवर गेलो.

शुक्रवार पेठेत गळती. सहा फुटांवर पहार वाजली.
काठावर सातवी-आठवीतलं पोरगं,
दप्तर पोटाशी, डोळे खड्ड्यात.
"काका, काय लागलं?"
पाईप, म्हणणार होतो. जीभेवर आलं होतं.
हाताची माती झटकली, वर बघितलं.
"पाच पैसे आहेत?"

ते खिसे चाचपायला लागलं, अगदी मनापासून,
आधी डावा, मग उजवा.